मशीनमध्ये अडकलेली होडी

माझ्या जावयाने आखातातून एक मशीन आणलं होतं. टीव्हीखाली ठेवायचं, काळं, चपटं, पोळपाट ठेवायच्या फळीएवढं. टीव्हीवर जे चालू असेल ते ते आपल्या पोटात साठवून ठेवी आणि आपण म्हणू तेव्हा दाखवी. कॅसेट नाही, काही नाही. त्याचं खरं नाव रेकॉर्डर, पण आमच्या वाडीत सगळ्या बायका त्याला नुसतं मशीन म्हणत.

मी चौथी शिकलेली. मशीनवरची अक्षरं इंग्रजी. जावयाने मला समोर बसवून शिकवलं आणि माझ्या मुलीच्या नखांना लावायच्या रंगाने बटणांवर ठिपके दिले. लाल ठिपका म्हणजे साठव, गुलाबी म्हणजे दाखव, दोन ठिपके म्हणजे पुसून टाक. दोन ठिपक्यांना सांभाळून, असं तो दोनदा म्हणाला होता.

आम्ही मासे विकणाऱ्या बायका. संध्याकाळी टीव्हीवर मालिका लागायच्या तेव्हा आम्ही बाजारात पाटीमागे बसलेल्या असायचो. म्हणजे मालिका बघायच्या त्या डॉक्टरणीने आणि मास्तरणीने, आम्ही नुसतं ऐकायचं की काल काय झालं. मशीन आल्यावर ते संपलं. दुपारी जेवणं आटोपली, पुरुष माणसं आडवी झाली, की वाडीतल्या आठदहा बायका माझ्या पडवीतून आत येत आणि कालची मालिका आज बघत. वाईट सुनेला मोठमोठ्याने शिव्या घालत. मला ती मालिका फारशी आवडत नसे, पण शिव्या ऐकायला मजा येई.

त्यात पहिली जागा माझ्या धाकट्या जावेची. ती टीव्हीच्या इतकी जवळ बसे की मागच्यांना तिच्या अंबाड्याभोवतालचा टीव्ही तेवढा दिसे.

ही जाऊ फुगडीत पटाईत. आमच्याकडे चतुर्थीत बायका फुगड्या घालतात आणि त्यांच्या स्पर्धा होतात, वाडीवाडीचे संघ असतात. आमच्या संघाची एक फुगडी होती, होडीची. आठ जणींनी हात धरून रिंगण करायचं. पुढची जी असेल ती तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस असतो तो. ती तांडेल एकेकीच्या हाताखालून शिरत जाई, सगळं रिंगण तिच्यामागून ओढलं जाई, आणि शेवटी आठही जणी एकमेकींच्या हातांत अशा विणल्या जात की टोपलीच. मग तो सगळा गठ्ठा डावीउजवीकडे डोलायचा, लाटेवर होडी डोलते तसा. मग तांडेल काहीतरी करी आणि एका झटक्यात गठ्ठा उलगडून सरळ रांग होई. लोक टाळ्या वाजवायचे ते तिथे. तांडेल माझी जाऊ. तिच्या शेजारी तिची सून. मी म्हाताऱ्या गुडघ्यांची, मी बाजूला बसून गाणं म्हणायची.

त्या वर्षी आम्हाला दुसरा नंबर मिळाला. केबलवाल्याने दुसऱ्या दिवशी सगळी स्पर्धा आपल्या चॅनेलवर दाखवली आणि मी लाल ठिपका दाबून ती मशीनमध्ये साठवली.

पुढे शिमग्याच्या सुमाराला मशीन भरलं. नवीन काही घेईना. काहीतरी पुसणं भाग होतं. फुगडी मी पुसणार नव्हते. मग एक मालिका होती, ती संपली होती, तिचा शेवटचा भाग पडून होता. मी दुपारी एकटीने तो बघितला आणि दोन ठिपके दाबले. जाऊ तेव्हा आजारी होती, आठ दिवस अंथरुणावर. तिने तो भाग बघितलेला नव्हता. हे माझ्या लक्षात होतं का, असं मला पुष्कळांनी विचारलं. होतं. पण मला वाटलं, शेवट काय, सांगता येईल तोंडी.

ती बरी होऊन आली, टीव्हीसमोर बसली आणि म्हणाली, "लाव गो वैनी. बघूया तरी ती भवानी मरता काय जगता."

"पुसलंय मी ता."

"काय पुसलंस?"

"शेवटचो भाग. जागा नाय होती. थांब, सांगतंय तुका काय झाला ता."

"माका सांगा नको!" ती उठली. "दोन वर्सां बघलंय मी ती मालिका. दोन वर्सां! आणि शेवट मी तुझ्या तोंडान ऐकू? तुझ्या घरात पाय ठेवलंय तर नाव सांगूचा नाय."

तिने खरोखर पाय ठेवला नाही. समोरासमोरची घरं, पण माझ्या अंगणातून जाण्याऐवजी ती माडांच्या मागून वळसा घालून विहिरीवर जायची. आषाढात कळलं की ती आणि तिची सून दोघी खालच्या वाडीच्या फुगडी संघात गेल्या. मी म्हटलं, जाऊ दे. आमच्याकडे बाया काय कमी आहेत?

बाया होत्या. तांडेल म्हणून आम्ही माझी शेजारीण घेतली. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. श्रावणात अंगणात तालीम सुरू झाली. होडी विणली ती बरोबर विणली. डोलली तीही बरोबर डोलली. मग सोडवायची वेळ आली आणि सोडवता येईना.

तांडेल या हाताखालून गेली, त्या हाताखालून गेली, गाठ आणखी घट्ट झाली. आठ बायका एकमेकींच्या बगलेत.

"गो, माझो हात खंय गेलो?" शेजारीण ओरडली.

"माझ्या मानेवर आसा. उचल तेका!"

"तो माझो नाय. माझ्या हातात बांगडयो आसत, ह्या हातात नाय."

शेजारणीचा नवरा किनाऱ्यावरून येत होता. तो उभा राहिला, बघितलं आणि म्हणाला, "जाळा असा अडाकला तर आमी कापतो. कोयतो हाडू?"

शेवटी दोघी पडल्या, म्हणून गठ्ठा सुटला. तीन दिवस हेच. रोज कोणीतरी पडायचं, तेव्हा सुटायचं. स्पर्धेत पडून चालत नाही, पडलं की संघ बाद.

आता ज्या आठ जणी गेल्या साली होडीत होत्या, त्यांतल्या सहा आमच्याकडेच होत्या. त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आमची डोकी खाली होती, आम्हाला कोणाच्या तरी पाठीशिवाय काही दिसत नव्हतं. मी बाजूला बसून गात होते, पण माझं लक्ष परीक्षक बाईच्या तोंडाकडे होतं. म्हणजे कसं सोडवायचं ते दोघींनाच माहीत, जावेला आणि तिच्या सुनेला.

"तिका विचारूया," एक जण म्हणाली.

"विचारा," मी म्हटलं. "आणि मगे गाणाही तिकाच म्हणूक सांगा."

विचारायची गरजच काय? फुगडी मशीनमध्ये होती. पावसात होड्या बंद, बाजारही बंद, म्हणून दोन महिने मालिका आम्ही वेळेवरच बघत होतो आणि मशीनच्या बटणांना कोणी हात लावला नव्हता. मी सगळ्यांना आत बसवलं, गुलाबी ठिपका दाबला. काही नाही. दिवासुद्धा लागेना. पुन्हा दाबला. मग मशीनच्या मागून मुंग्यांची एक रांग बाहेर आली, जशी काही मीच त्यांना बोलावली.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे खारा वारा. लोखंड म्हणून घरात जे जे आहे ते गंजतं. त्यावर आमचं एकच औषध, तेल. पावसाळ्याआधी मी कोंबडीचं पीस घेते, खोबरेल तेलात बुडवते आणि विळी, कोयता, कडी, कुलूप, दाराच्या बिजागऱ्या सगळ्यांवरून फिरवते. माझी मासे कापायची विळी तीस वर्षांची आहे, तिच्यावर गंजाचा ठिपका नाही. त्या जूनमध्ये मी मशीनलाही तेल लावलं. वरून लावून काय उपयोग, म्हणून भोकाभोकातून पीस आत घालून लावलं. मायेने लावलं असं नाही म्हणत. महाग वस्तू होती, म्हणून जास्त लावलं.

मालवणातल्या दुकानदाराने झाकणसुद्धा उघडलं नाही. "जुना झाला ह्या," तो म्हणाला. "ह्याचे पार्ट येनत नाय. नवीन घ्या."

तीन वर्षांचं मशीन आणि म्हणे जुनं. जावयाला फोन केला, तर तो म्हणाला, मे महिन्यात येईन तेव्हा नवीन आणतो, पण जुन्यातलं काही नवीन मशीनमध्ये येणार नाही, ते त्याच्याबरोबरच गेलं. मी म्हटलं, मे महिन्यात चतुर्थी नसते. फोन ठेवला.

कसालला हायवेवर एक दुरुस्तीवाला आहे असं कळलं. त्याला काहीही द्या, तो उघडतो. शेजारीण आणि मी सकाळच्या एसटीने निघालो. मशीन कशात न्यायचं? माझ्याकडे आहे काय, पाटीच. माशांची पाटी धुतली, मशीन फडक्यात गुंडाळून आत ठेवलं, वर दुसरं फडकं.

कंडक्टरने दारातच अडवलं. "मावशी, माशांची पाटी आत चलना नाय. टपार टाका."

"मासे नाय, मशीन आसा."

"वास तर पेडव्यांचो येता."

"पाटयेचो वास तो. मशीनीक वास नसता."

त्याने फडकं वर करून बघितलं. "ह्या काय? मगे ह्याचा तिकीट फाडूक व्हया."

"तीन वर्सांचा आसा," मी म्हटलं. "तीन वर्सांच्या पोराक तिकीट कधीपासून लागूक लागला?"

गाडीभर लोक हसले. कंडक्टरही हसला. "मगे मांडयेर घेवन बसा तेका," तो म्हणाला, "आणि रडाक लागला तर माका सांगा नको."

कसालपर्यंत मी ते मांडीवर घेऊन बसले. शेजारीण वाटेत दोनदा म्हणाली, "आवशीवर गेलाहा." म्हणजे आईवर गेलंय.

दुरुस्तीवाला चाळिशीचा, नाकावर चष्मा, दुकानात टीव्ही, मिक्सर, पंखे यांचा डोंगर आणि त्याच्या मधोमध बसायला एक स्टूल. त्याने झाकणाचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि तसंच धरून राहिला.

"काकी, ह्या काय?"

"तेल."

"तेल दिसता माका. कित्याक?"

"गंज चढा नये म्हणान."

"नुसता तेल लावन ठेवल्यात?" तो म्हणाला. "मीठ-मसालो घालूचो रवलो काय? बांगडो केल्यात ह्याचो!"

शेजारीण इतकी हसली की एक टीव्ही हलला. मी हसले नाही. मग त्याने चिमट्याने आतला छोटा पंखा वर काढून दाखवला. तेल, धूळ आणि मुंग्या यांचा खरवस झाला होता, पंख्याची पाती त्यात रुतून बसली होती. तेव्हा मलाही हसू आलं.

पंखा फिरायचा बंद झाला, म्हणून आत तापलं, आणि तापलं म्हणून एक डबी फुगली, असं त्याने सांगितलं. खडूच्या तुकड्याएवढी डबी, तिला तो कपॅसिटर म्हणाला. त्याने एका मेलेल्या टीव्हीतून तसलीच काढली आणि जोडली. सगळा भाग कसल्याशा पाण्याने ब्रशने धुतला, तासभर पंख्याखाली वाळवला. मग मशीन एका टीव्हीला लावलं. दिवा लागला. पण आतून आवाज येऊ लागला, टक, टक, टक, पाल चुकचुकते तसा.

"काकी, आतली तबकडी मरूक इली हा," तो म्हणाला. "ही माझ्यान होवची नाय. किती वेळ चलात, देवाक ठावक. काय बघूचा आसात ता आताच बघून घेवा."

त्याने उघड्या मशीनवर टेबलफॅन धरला आणि मी गुलाबी ठिपका दाबला.

फुगडी लागली. गेल्या सालच्या आम्ही सगळ्या. मी कडेला बसलेली, तोंड वेडंवाकडं करून गाते आहे. मी गाताना अशी दिसते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जाऊ पुढे, काष्टा घट्ट, हाताखालून शिरते आहे, दुसऱ्या हाताखालून, तिसऱ्या. होडी विणली. होडी डोलली. शेजारीण स्टुलाच्या टोकाला येऊन बसली. आता सोडवणार, आता सोडवणार, आणि टीव्हीवर सोन्याचा हार आला. केबलवाल्याने नेमकी तिथे सोनाराची जाहिरात घातली होती. हार संपला तेव्हा बायका सरळ रांगेत उभ्या राहून नमस्कार करत होत्या.

"मेलो तो केबलवालो!" शेजारीण म्हणाली. पुढे जे म्हणाली ते मी लिहीत नाही.

मशीन टकटकत होतं. मी मनात म्हणत होते की आता घरी जायचं आणि जावेच्या दारात उभं राहायचं. ते माझ्याने होणार नव्हतं. त्यापेक्षा होडी नको, साधी फुगडी घालू, तिसरासुद्धा नंबर मिळाला नाही तरी चालेल.

दुरुस्तीवाल्याला आमचं काय बिघडलं ते कळेना. मी त्याला सांगितलं, बाबा, ही गाठ सुटते कशी तेवढं बघायचं होतं, आणि तेवढंच नाही. तो चष्मा वर करून म्हणाला, "बांधतत कशी ता तर दिसता मां?"

"ता दिसता."

"मगे उलटा चलवया."

त्याने एक बटण दाबून धरलं. त्याच्यावर माझा ठिपका नव्हता, ते मी कधी दाबलंच नव्हतं. आणि टीव्हीवर सगळं मागे जाऊ लागलं. होडी उलटी डोलली. मग जाऊ पाठीमागे चालत एका हाताखालून बाहेर आली, पाठीमागेच दुसऱ्या हाताखालून, पदर उलटा उडाला, आणि एकेक बाई मोकळी होत होत आठ जणींचं गोल रिंगण झालं. गाठ नाही, काही नाही.

"तोंड फिरवल्यान नाय तिणा!" शेजारीण ओरडली. "गो, आमी सोडवताना तोंड फिरवतो! पाठीच जावक व्हया!"

"परत दाखव," मी म्हटलं.

त्याने परत दाखवलं. शेजारीण उठून उभी राहिली आणि टीव्हीकडे बघत बघत तशीच पाठीपाठी चालू लागली, आणि मिक्सरांच्या डोंगरावर जाऊन आदळली. दोन भांडी खाली आली. दुरुस्तीवाला म्हणाला, "काकी, असूं दे, ती आधीच बिघडलेली आसत." तिसऱ्यांदा बघत असताना टकटक थांबली, पडदा निळा झाला आणि मशीन मेलं. पण आमचं काम झालं होतं. मशीन मी तिथेच दिलं. त्याचा पंखा तो कोणाच्या तरी दुसऱ्या मशीनला लावणार होता. तेल लावू नको म्हणून मी त्याला बजावलं.

घरी आल्यावर बारा दिवस आठ बायका अंगणात पाठीपाठी चालल्या. चार जणी तुळशीवर आदळल्या. पाचव्या दिवशी पहिल्यांदा गाठ कोणी न पडता सुटली, तेव्हा शेजारणीच्या नवऱ्याने कोयता नको म्हणून परत नेला. तो खरंच घेऊन बसला होता.

स्पर्धा शाळेच्या मैदानात मांडवाखाली झाली. खालच्या वाडीचा संघ आमच्या आधी. जावेने होडी घातली नाही, तिच्याकडच्या बायकांना ती येत नव्हती. मग आम्ही. होडी विणली, डोलली. मी गाणं म्हणता म्हणता या वेळी परीक्षक बाईकडे बघितलं नाही. शेजारणीने मान वर केली आणि मागे पाऊल टाकलं. आठ बायका पाठमोऱ्या एकमेकींच्या हातांखालून निघू लागल्या. असलं कोणी बघितलंच नव्हतं. शेवटची मोकळी झाली आणि रिंगण गोल उभं राहिलं, तेव्हा मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी शिट्ट्या मारल्या.

आम्ही मांडवामागे पाणी पीत होतो. जाऊ आली. कमरेवर हात. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"वैनी, ह्या उलट्या चालीचा खूळ खंयसून हाडलंस?"

"तुझ्या फुगडेतसून. मशीनीत बघून."

"माझ्या? मी खंय उलटा चलतंय?"

"मगे सोडवतंस कशी?"

तिने इकडेतिकडे बघितलं, जवळ आली आणि हळूच म्हणाली, "डावो हात सोडतंय. पदराखाली. सुनेचो हात सोडलो की सगळा आपसूक सुटता."

आमच्याकडे मुलगी पाच वर्षांची झाली की तिला फुगडीचा पहिला धडा देतात तो हाच: काहीही होवो, हात सोडायचा नाही. सोडलास तर दोघी आपटतील. आम्ही एवढं सगळं केलं, कसालला जाऊन आलो, तुळशीवर आदळलो, पण हात सोडून बघावा हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

"फुगडेत हात सोडतंस तू?" शेजारीण म्हणाली. "लाज नाय?"

"कोणाक दिसलो?"

खरंच कोणाला दिसला नव्हता. सोनाराच्या हारामागे गेला होता. मी आधी हसले, मग ती, मग सगळ्याच. शेजारीण तर खालीच बसली.

हसणं थांबल्यावर जाऊ तोंड पुसत म्हणाली, "बरां. सांग आता."

"काय?"

"शेवट. ती भवानी मेली काय जगली?"

मग मी तिथेच, पाण्याच्या पिंपाशेजारी उभी राहून, तिला मालिकेचा शेवट सांगितला. भवानी मरत नाही. पाया पडते, सगळे रडतात, सगळे एका टेबलावर जेवायला बसतात, संपलं. जावेने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ह्योच?" ती म्हणाली. "ह्येच्यासाठी मी सहा म्हयने माडांमागसून पाण्याक गेलंय?"

नंबर लागले. पहिला तिसऱ्याच गावाने नेला. आम्हाला दुसरा, खालच्या वाडीला तिसरा. घरी जाताना जाऊ आणि तिची सून आमच्याबरोबर चालल्या आणि वाटभर आमच्या पाठीपाठी चालण्याची नक्कल करत होत्या. माझ्या अंगणातूनच आपल्या घरी गेल्या.

मे महिन्यात जावई नवीन मशीन घेऊन आला. मी त्याला तेल लावत नाही, पावसाळ्यात वर एक कोरडं फडकं घालते. दुपारी जाऊ पुन्हा पुढे बसते, मागच्यांना पुन्हा टीव्ही दिसत नाही. काही पुसायचं झालं तर मी आता तिला आधी विचारते. विचारते. ऐकते असं नाही.